घोळीने घातलेला घोळ

बागकामाच्या आजच्या भागात आपण एका फोनपासून सुरुवात करू.

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका श्रोत्या ताईंचा हा फोन. त्यांच्या वाफ्यातली भेंडी दोन वर्षांपूर्वी गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. दुपारी पानं मान टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताजीतवानी. ताईंनी पाणी वाढवलं, खत घातलं, कडुनिंबाचं तेल फवारलं. शेवटी वैतागून एक झाड उपटलं, तर मुळं आल्याच्या कुड्यांसारखी गाठाळलेली! कोणीतरी सांगितलं, हे सूत्रकृमी आहेत, वर्षभर तिथे काही लावू नका, उपाशी मरतील. ताईंनी तेही केलं. पूर्ण वर्ष वाफा रिकामा ठेवला आणि यंदा पुन्हा भेंडी लावली. पुन्हा तेच.

"वर्षभर काहीच लावलं नव्हतं हो, मग हे आले कुठून?" असा त्यांचा प्रश्न. मी विचारलं, वर्षभर त्या वाफ्यात होतं तरी काय? "काही नाही, आपोआप उगवलेली घोळ होती. तिची आम्ही भाजी करायचो."

झालं. उत्तर तिथेच होतं.

आता हे प्रकरण नीट समजून घेऊ. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात, धाग्यासारखे, डोळ्यांना न दिसणारे. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू मातीतल्या ओलाव्यातून सरपटत मुळाच्या कोवळ्या टोकाशी येतं आणि आत शिरतं. आत गेल्यावर ते एका जागी ठाण मांडतं. मुळाच्या काही पेशी त्याच्यासाठी फुगून अवाढव्य होतात आणि झाडाचं अन्न तिथे वळतं. आपल्याला बाहेरून दिसते ती गाठ म्हणजे त्या फुगवट्याचा परिणाम. मादी नासपतीसारखी फुगते आणि चिकट आवरणात काहीशे अंडी घालते. माती सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर हा सगळा फेरा साधारण 25 ते 30 दिवसांत पुरा होतो. म्हणजे दक्षिण टेक्सासच्या लांबलचक उन्हाळ्यात किती पिढ्या होतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

ही काही नवी पीडा नाही. इंग्लंडमध्ये काचघरातल्या काकडीच्या मुळांवर या गाठी असल्याची नोंद 1855 सालची आहे. आणि या सूत्रकृमींना खाण्यापिण्याचं सोवळं नाही. टोमॅटो, वांगं, भेंडी, कारलं, दुधी ही आपली सगळी आवडती मंडळी त्यांनाही आवडतात. पण यजमान वनस्पतींची यादी दोन हजारांच्या वर जाते, आणि तिच्यात आपण ज्याला तण म्हणतो ते भरपूर आहे. घोळ आहे, काटेमाठ आहे, काळ्या फळांची कामोणी आहे, लव्हाळा आहे.

रिकामी जमीन सूत्रकृमींना मारते हे खरंच आहे. पिल्लू अंगातल्या चरबीच्या साठ्यावर जगतं. उबदार, ओलसर मातीत ते हालचाल करत राहतं, साठा लवकर संपतो आणि मूळ मिळालं नाही तर ते मरतं. पण रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. तण उगवलेला वाफा तुमच्या दृष्टीने रिकामा असेल, सूत्रकृमींच्या दृष्टीने तिथे पंगत मांडलेली आहे.

इथे एक गोष्ट फसवते. तण उपटून बघितलं तर बऱ्याचदा मुळांवर भेंडीसारख्या ठळक गाठी दिसत नाहीत. काही तणांत गाठी बारीक असतात, काहींत जवळजवळ नसतातच, आणि तरी आत मादी अंडी घालत असते. मक्याचंही तसंच. मका दिसायला धडधाकट, पण दक्षिणेकडची सूत्रकृमींची मुख्य जात त्याच्यावर मजेत वाढते. तेव्हा गाठ दिसली नाही म्हणून तणाला सोडून देऊ नका.

तणांमधला सगळ्यात बिलंदर म्हणजे लव्हाळा. गावाकडे ज्यांनी खुरपणी केली आहे त्यांना तो ठाऊक आहे: वरून उपटला की आठवड्यात पुन्हा हजर, कारण जमिनीत कंदांची माळ राहिलेली असते. न्यू मेक्सिकोत मिरचीची मोठी शेती आहे आणि तिथल्या राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी मिरचीच्या शेतातला लव्हाळा आणि सूत्रकृमी यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं ते असं की सूत्रकृमी लागल्याने लव्हाळ्याचं फारसं काही बिघडत नाही. मिरची मात्र दोघांकडून मार खाते. शिवाय शेतकरी जमिनीत विषारी वायूची धुरी देतो तेव्हा मातीतले सूत्रकृमी मरतात, पण कंदाच्या आत दडलेल्यांपर्यंत ती नीट पोचत नाही. पुढच्या हंगामात कंद फुटतो आणि त्याच्याबरोबर आतले पाहुणेही. म्हणजे एवढा खर्च करून धुरी द्यायची आणि तण सोडायचं, हा पैसा मातीत घालण्याचाच प्रकार. तिथल्या शेतकऱ्याला तण आणि सूत्रकृमी हे दोन वेगळे शत्रू मानून चालत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरची डाळिंबाची बाग सोलापूर किंवा नाशिक भागात आहे. तिथेही हाच सूत्रकृमी डाळिंबाची मुळं गाठाळवतो, आणि जखमी मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट सोपी होते. ठिबकच्या नळीखाली कायम ओल असते, तिथेच डाळिंबाची कोवळी मुळं असतात आणि तणही तिथेच माजतं. गावी फोन कराल तेव्हा भावाला किंवा काकांना औषध कोणतं टाकलं हे विचाराच, पण ड्रिपरखाली काय उगवलंय हेही विचारा. नव्या बागेत दोन ओळींमध्ये टोमॅटो किंवा मिरचीचं आंतरपीक घ्यायचा बेत असेल तर पुन्हा विचार करा म्हणावं. आणि रोपं आणताना एक-दोन पिशव्या फाडून मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रोपवाटिकेतून आलेली गाठ बागेच्या जन्माला पुरते.

आता तुमच्या वाफ्याकडे येऊ. घोळीची भाजी सोडा असं मी म्हणणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. हे सूत्रकृमी झाडांवर जगणारे आहेत, खाणाऱ्याला त्यांच्यापासून काही होत नाही. घोळ आणि माठ हवे असतील तर विकतच्या स्वच्छ मातीच्या कुंडीत लावा, भेंडी-टोमॅटोच्या वाफ्यात नको. वाफ्यातलं तण उगवल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत काढा, म्हणजे आत शिरलेल्या मादीला अंडी घालायला वेळ मिळत नाही. जुनं, मोठं झालेलं तण मुळासकट उपटून उन्हात कडकडीत वाळवा किंवा कचऱ्यात द्या. परसातल्या कंपोस्टच्या ढिगात ते टाकू नका, तो ढीग पुरेसा तापत नाही. हंगाम संपला की भेंडीची आणि टोमॅटोची मुळंही तशीच काढायची, नुसते बुंधे कापून मोकळं व्हायचं नाही.

दसऱ्यासाठी बरेच जण झेंडू लावतात. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना मारक आहे हे खरं, पण टोमॅटोच्या चार रोपांमध्ये एक झेंडू खोचून उपयोग होत नाही. अख्खा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूचा हवा, आणि त्यात तण नको. झेंडूच्या सावलीत घोळ वाढत असेल तर तोरण छान होईल, एवढंच.

टोमॅटोचं बी घेताना पाकिटावर 'एन' हे अक्षर शोधा. त्याचा अर्थ ती जात या सूत्रकृमींना दाद देत नाही. हा गुण टोमॅटोच्या एका रानटी नातेवाइकाकडून आला आहे. मात्र माती अठ्ठावीस अंशांच्या वर तापली की तो लटका पडतो, म्हणून टेक्सास-फ्लोरिडात लवकर लागवड करा.

मिशिगन, टोरांटोच्या श्रोत्यांनो, तुमच्याकडच्या थंडीत ही दक्षिणेची जात बाहेर तग धरत नाही. तुमच्याकडे तिची उत्तरेकडची बहीण असते. गाठी लहान, पण त्रास आहेच. तुमचं नशीब एवढं चांगलं की तिला मका आणि गवतं चालत नाहीत, त्यामुळे एक वर्ष मक्याचं ठेवलं तर तिची उपासमार होते. अर्थात मक्याखाली रुंद पानांचं तण नसेल तरच.

घेवडा, गवार उपटून घाबरू नका. त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतातच. त्या नखाने चटकन सुटतात आणि आत गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, ती सुटत नाही.

खात्री करायची असेल तर तुमच्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात माती तपासायला कुठे पाठवायची ते विचारा. नमुना हंगामाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या, तेव्हा त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. आजारी झाडांच्या मुळांलगतची सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र करा, थोडी बारीक मुळं घाला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. ती पिशवी गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका. सूत्रकृमी वाटेतच मेले तर अहवाल 'काही नाही' असा येईल, आणि पुढच्या जूनमध्ये तुमचा फोन मला येईल.