योजनेत न बसणारी माणसं

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून सुरू झाली. कार्डाचं नावही गोंडस, आयुष्मान वय वंदना. आमच्या आंबेगाव तालुक्यात मग कार्डांची शिबिरं झाली, फ्लेक्स लागले, फ्लेक्सवर नेहमीचेच चेहरे झळकले. सासूबाईंचं कार्ड निघालं तेव्हा त्या अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अंगठ्याचा ठसा उमटेना, म्हणून चेहऱ्याच्या फोटोवर काम भागवलं. त्या कार्डाला आता वर्ष उलटून गेलंय आणि त्यावर एक रुपयाही खर्च झालेला नाही. त्यांना लागतं ते एवढंच: लघवीची नळी बदलायला कुणीतरी, पाठीवर पडलेल्या जखमांचं ड्रेसिंग, हातापायांना व्यायाम, अधूनमधून साखर-बीपी बघणं. एका अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारलं, तर तो पोरगा सरळ बोलला, "काकू, ॲडमिट केलं तर बघू. घरचं योजनेत बसत नाही."

त्याचं चुकलं नाही. सरकारी विम्याचं घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होतं आणि डिस्चार्जनंतर थोड्याच दिवसांत बंद पडतं. पण म्हातारपण काही रुग्णालयात जात नाही, ते पडवीतल्या बाजेवर जातं.

हे आधीपासून असंच होतं म्हणावं, तर तेही नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्याच्या ५६व्या कलमात वैद्यकीय लाभ कसकसा द्यायचा ते लिहिलेलं होतं, आणि त्यात दवाखाना, रुग्णालय यांच्या बरोबरीनं विमाधारकाच्या घरी भेट देणंही होतं. सासरे मुंबईत गिरणीत होते. चाळीचे जिने चढून येणाऱ्या पॅनेल डॉक्टरची गोष्ट ते आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवायचे. जुन्नर-आंबेगावची निम्मी घरं तेव्हा मुंबईवर चालायची. कुणी गिरणीत, कुणी भायखळ्याच्या भाजी मार्केटात, कुणी माथाडी, कुणी डबेवाला. १९८२ च्या संपानंतर सासरे गावी परतले, ते विमा मुंबईत सोडूनच. पुढची पंधरा-वीस वर्षं मी इथं भराभर उलटते, कारण त्यात सांगण्यासारखं फार घडलं नाही. १९९७ ची जीवनदायी योजना आली, ती हृदय, मेंदू, मूत्रपिंडाच्या मोठ्या आजारांसाठी. २००८ ला तीस हजारांची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिच्याबद्दल आमच्या पट्ट्यात वर्तमानपत्रातच वाचायला मिळायचं.

माझ्या लक्षात राहिलं ते २०१० ते २०२० हे दशक. सासऱ्यांचं दुखणं त्यातच सुरू झालं आणि त्यातच संपलं.

दशक सुरू झालं तेव्हा आमच्या पंचक्रोशीत घरी येणारे एक डॉक्टर होते. आयुर्वेदाचे पदवीधर, वापरायचे मात्र ॲलोपॅथीच. मोटारसायकलच्या कॅरियरला पेटी बांधलेली. उसाच्या फडातून, कॅनॉलच्या कडेनं गाडी वाजली की कुत्री भुंकायच्या आधी कुणाच्या घरी चाललेत ते गल्लीला कळायचं. सासऱ्यांना दम्याचा झटका आला की ते येत, इंजेक्शन देत, चहा घेत आणि निघताना मला ओसरीवर बोलावून, "वहिनी, रात्री उशाला दोन उश्या द्या, आणि कोपऱ्यातला तो चुलीचा धूर बंद करा," असं काहीतरी सांगत. पैसे जमतील तसे. टोमॅटोची पट्टी आली की, नाहीतर कारखान्याचा हप्ता निघाला की. त्यांच्या वहीत अख्खं गाव उधार होतं.

पुण्यातले आमचे शिकलेले नातेवाईक त्यांना "सुई-डॉक्टर" म्हणायचे. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. सर्दीलाही इंजेक्शन आणि अशक्तपणाला सलाईन हा त्यांचा खाक्या होता, आणि लोकांनाही तेच हवं असायचं. पण हसणाऱ्यांपैकी एकाही तज्ज्ञाला आमच्या घराचा उंबरा माहीत नव्हता. म्हातारा कुठं झोपतो, जेवतो किती, सून त्याला वेळेवर गोळी देते का, हे त्या सुई-डॉक्टरलाच ठाऊक होतं. आज ज्याला 'होम केअर' म्हणून पुण्यात महिन्याचे हजारो रुपये मोजतात, ते इथं उधारीवर चालायचं.

हे माझं पूर्वेकडचं, बागायती पट्ट्याचं बोलणं झालं. पश्चिमेला, तळेघर, आहुपे, डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर, तसंच जुन्नरच्या इंगळूण-आपटाळ्याकडे, डॉक्टर घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. तिथं यायची ती सिस्टर आणि पुढे आशाताई. म्हातारं माणूस पावसाळ्यात पडलं तर झोळीत घालून डांबरीपर्यंत आणायचं. तळेघरहून मंचर पन्नासेक किलोमीटर. तिथल्यांच्या तुलनेत आम्ही सुखी होतो, आणि तरी रडत होतो.

मग योजना आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई होती, पुणे नव्हतं, म्हणून गावाकडची दुखणी काही दिवस मुंबईच्या भावकीकडे जाऊन राहिली. २१ नोव्हेंबर २०१३ ला ती राज्यभर झाली. पिवळं, केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला दीड लाख, ९७० च्या वर शस्त्रक्रिया आणि उपचार. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी १०८ ची रुग्णवाहिका आली. त्याच वर्षी ३० जुलैला माळीण गाव डोंगराखाली गेलं आणि सगळा महाराष्ट्र आमच्या तालुक्याचं नाव घेऊ लागला. तेव्हा रुग्णवाहिकांची रांग लागलेली पाहिली आणि वाटलं, आता दिवस बदलणार.

बदलले, हे मान्य करायला हवं. अँजिओप्लास्टीसाठी जमीन गहाण टाकणारी माणसं मी पाहिलीत, ती पुढे फारशी दिसेनात. डायलिसिसवरची माणसं जगली. जो कुणी या योजनांना सरसकट नावं ठेवतो त्यानं एकदा अशा घरी जाऊन यावं. माझं भांडण वेगळं आहे. योजनेनं सगळ्यांनाच, डॉक्टरांना, पेशंटला आणि घरच्यांना, एक सवय लावली: आजार म्हणजे ॲडमिट. पाय मोडला की बसतं, मोडलेल्या पायानं घरी आल्यावर बसत नाही. तेव्हाच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर दहा दिवसांचा पाठपुरावा आणि रुग्णालयातून घरी जायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी एसटीत कुठून चढणार, हे लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नसावं. १०८ न्यायला येते, आणून सोडत नाही. बाळंतिणीला घरी सोडायची सोय २०११ पासून आहे, तिच्या सासूला नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं. धाप लागली की ॲडमिट, चार दिवसांनी घरी, महिन्याभरात पुन्हा ॲडमिट. कागद सगळे चोख. सलग काही महिने घरी येऊन कुणी त्यांचा पंप नीट ओढून घेतला असता, तर त्यातल्या निम्म्या वाऱ्या टळल्या असत्या असं मला आजही वाटतं. आणि मे महिन्यात यात्रेला आलेली मुंबईकर मंडळी ओसरीवर पंख्याखाली बसून विचारायची, "योजना आहे ना? मग मोठ्या हॉस्पिटलला का नाही टाकलं?" टाकलं, हा त्यांचा शब्द. त्यातल्या एकानंही कधी रात्र काढली नाही.

दरम्यान ते डॉक्टर यायचे थांबले. एका दिवसात नाही. आधी रात्रीचे थांबले. उसात बिबटे वाढले होते आणि रात्री मोटारसायकलवर एकट्यानं निघणं शहाणपणाचं राहिलं नव्हतं. जुन्नर-आंबेगावात ही भीती आज कितीतरी पटीनं वाढलीय. मग परिस्थिती जरा नाजूक असली की ते म्हणू लागले, "वहिनी, मी हात लावत नाही, घेऊन जा." डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याला २०१० मध्ये कायदा करावा लागला होता, यावरून हवा कळावी. घरात माणूस गेलं तर जमाव विचारणार, इथं का ठेवलं? शिवाय त्यांचा मुलगा तज्ज्ञ होऊन आला, हायवेला रुग्णालय झालं, आणि वडिलांची पेटी माळ्यावर गेली. योजनेनं त्यांना घालवलं असं मी म्हणत नाही. पण घरी जाऊन तपासण्याला तिनं शून्य किंमत लावली, आणि ज्याला किंमत नाही ते टिकायचं कसं?

कागदावर मात्र सरकार तेव्हाच आमच्या दारात उभं होतं. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ चा. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांचा दवाखाना आहे आणि खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेटीही आहेत. त्या सगळ्या दशकात आमच्या आळीत त्या भेटीसाठी कुणी आल्याचं मला आठवत नाही.

नाही म्हणायला, एकदा सरकार खरंच घरोघर आलं. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार, प्रत्येक म्हाताऱ्याचं बोट चिमटीत धरून आकडा लिहून घेतला. मोहिमेचं नाव ऐकूनच मला हसू आलं होतं, कारण ही जबाबदारी आम्ही सुना त्याआधी कितीतरी वर्षं बिनबोभाट पार पाडत होतो. पण मोहिमेनं एक गोष्ट सिद्ध केली: जायचं ठरवलं तर वाडीवस्तीवर जाता येतं. साथ ओसरली, ऑक्सिमीटर कपाटात गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच आशाताई आपल्याच मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसलेल्या टीव्हीवर दिसल्या.

तमिळनाडूनं ऑगस्ट २०२१ मध्ये मक्कळै तेडी मरुत्तुवम सुरू केलं, म्हणजे साखर-बीपीच्या गोळ्या घरपोच, फिजिओथेरपी आणि खिळलेल्यांची शुश्रूषाही घरीच. केरळात २००८ च्या धोरणानंतर पंचायतींनी परिचारिका नेमल्या, त्या घरोघरी जाऊन नळ्या बदलतात, जखमा धुतात. जपाननं तर २००० सालीच म्हातारपणीच्या शुश्रूषेचा वेगळा विमा काढला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून राज्याची योजना सगळ्यांना खुली झाली, तेव्हा रक्कम पाच लाख, उपचार १३५६ होते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्चीसाठी एकदाच तीन हजारही आहेत. खुर्ची मिळते. खुर्चीवर उचलून बसवणारा माणूस मिळत नाही.

आमच्याकडे खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी सरकार पोचत नाही असं म्हणणंही पूर्ण खरं नाही म्हणा. ते पोचतं दहाव्याला. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, आणि आजी-माजी सगळे ओळीनं उभे राहून श्रद्धांजली वाहतात; आमच्या दोन्ही तालुक्यांत दशक्रियेला न येणारा पुढारी निवडून येत नाही. सासऱ्यांच्या दहाव्याला माईकवरून त्यांचं गिरणीतलं कष्टाचं आयुष्य ऐकताना मी मनात हिशेब करत होते, यातले किती जण ते जिवंत असताना ओसरीवर चढले होते.

सासूबाईंचं ड्रेसिंग सध्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेला कंपाउंडर करतो. हाताला चांगला आहे, पैसे रोख घेतो, पावती देत नाही. गेल्या ग्रामसभेत मी विषय काढला, की केरळासारखी गावानं एक परिचारिका नेमावी, आसपासच्या चार गावांनी मिळून खर्च उचलावा. बायका माझ्या बाजूनं बोलल्या. ग्रामसेवकानं मान हलवली, हे कुठल्या शीर्षात बसवायचं ते विचारून सांगतो म्हणाला, आणि विषयपत्रिकेवर पुढचा ठराव घेतला: स्मशानभूमीला हायमास्ट दिवा. तो एकमतानं मंजूर झाला.