ज्युरासिक पार्क आणि आपल्या पायाखालचा कातळ

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ज्युरासिक पार्क’ १९९३ साली अमेरिकेत झळकला आणि पुढील वर्षी आपल्याकडे हिंदीत बोलू लागला, तेव्हा इंग्रजी चित्रपटाच्या वाटेस सहसा न जाणाऱ्या सातारा-सांगलीसारख्या मुलखातील प्रेक्षकासही तो परका राहिला नाही. तीस वर्षांनी तो पुन्हा पाहताना प्रथम मनात भरतो तो दिग्दर्शकाचा संयम. दोन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या या पटात डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. उरलेले काम पावसाने, अंधाराने आणि प्रतीक्षेने केले आहे. मोटारीतील पेल्यातल्या पाण्यावर एकामागून एक वलये उमटतात आणि ते श्वापद दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याचे वजन आपल्याला जाणवते. ती वलये गिटारची तार छेडून उमटवली होती, हे ठाऊक असूनही छातीत धस्स व्हायचे ते होतेच.

कथेचा शास्त्रीय पाया मात्र आज टिकत नाही. राळेत अडकलेल्या प्राचीन डासाच्या पोटातील रक्तातून डायनोसॉरचा डीएनए मिळवावा आणि त्यातील गाळलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भराव्यात, ही मायकेल क्रायटन यांच्या कादंबरीतील तजवीज. परंतु न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ साली असे अनुमान निघाले की, डीएनएचे निम्मे दुवे सुमारे ५२१ वर्षांतच तुटतात, आणि डायनोसॉर तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लोपले. असे असूनही चित्रपट मला उणा वाटत नाही, कारण इयन माल्कम हा गणिती भोजनाच्या मेजावर डायनोसॉरांच्या उद्यानाच्या धनिक मालकापुढे जी हरकत मांडतो, की तुमच्या शास्त्रज्ञांनी ‘करता येईल का’ एवढेच पाहिले, ‘करावे का’ हे पाहिले नाही, ती जनुके संपादित करण्याच्या आजच्या काळात अधिकच ग्राह्य झाली आहे.

आपल्या प्रेक्षकाला त्या वेळी कोणी सांगितले नाही ते हे, की चित्रगृहाबाहेर ज्या भूमीवर त्याने पाऊल ठेवले, तीच या प्राण्यांच्या अंतकाळाची साक्षीदार आहे. अजिंक्यताऱ्याचा कातळ, मिरजेजवळच्या दंडोबाचा डोंगर आणि सांगलीकडची हळद पोसणारी काळी माती, ही सारी त्याच सुमारास उसळलेल्या लाव्ह्याची संतती होय. महाबळेश्वराहून पोलादपुराकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात त्या लाव्ह्याचे थरावर थर उघडे पडले आहेत. दख्खनच्या अशा थरांमध्ये अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा आढळतो, आणि तो एक प्रवाह थिजून दुसरा येईपर्यंत लोटलेल्या मुदतीचा दाखला असतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोसळलेल्या अशनीने डायनोसॉरांचा घात केला, हे मत आज प्रबळ आहे; त्या घातात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर मात्र वाद आहे. २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले: तांबड्या पट्ट्यांतील झिरकॉनच्या स्फटिकांवरून काल मोजणाऱ्यांनी मोठा उद्रेक अशनीपाताच्या आधी घडल्याचे दाखवले, तर लाव्ह्याचेच वय मोजणाऱ्यांनी बहुतेक लाव्हा नंतर वाहिल्याचे म्हटले.