कुलूप उघडण्याचा छंद: जोर नको, हात हलका हवा

गणपतीसाठी मुंबईहून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या चाकरमान्यांना हा अनुभव नवा नाही. कित्येक महिने बंद असलेल्या घराच्या कुलपात किल्ली जाते, पण फिरत नाही. मग जोर लावला जातो आणि किल्लीच आत तुटते. कुलूप जोराने उघडत नाही, हा धडा कुलूप उघडण्याचा छंद असणाऱ्यांनाही सर्वांत आधी शिकावा लागतो. किल्लीशिवाय आणि कुलपाला इजा न करता ते उघडायचे, असा हा छंद. युरोप-अमेरिकेत त्याची मंडळे आहेत, स्पर्धाही होतात.

कुलपाच्या आत काय घडते?

चपट्या किल्लीच्या पिन-कुलपाची रचना अमेरिकेच्या लायनस येल ज्युनिअर यांनी १८६०च्या दशकात रूढ केली. त्यात फिरणारा गोल गाभा असतो. स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या पाच-सहा जोड्या तो अडवून धरतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीतला सांधा गाभ्याच्या कडेशी येतो आणि गाभा फिरतो.

पिनांची छिद्रे कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. म्हणून गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती उचलून जागेवर बसवली की पुढची अडकते.

खरे काम कोणत्या हाताचे?

नवशिक्याचे लक्ष पिना उचलणाऱ्या आकड्याकडे असते. कुलूप उघडते ते मात्र पीळ देणाऱ्या पट्टीवरच्या बोटामुळे. हा दाब कॅल्क्युलेटरचे बटण दाबण्याइतका किंवा त्याहून कमी पुरतो. जास्त झाला की अनेक पिना एकदम घट्ट होतात आणि बोटांना काहीच कळत नाही.

आकडा पेनासारखा धरावा, तळहाताची कड टेबलावर टेकवावी आणि हालचाल फक्त बोटांची ठेवावी. मग स्पर्श ओळखायला शिकावे. पिन स्प्रिंगसारखी उसळली, तर तिची पाळी अजून आलेली नाही. ती कडक लागली, तर तीच अडकलेली आहे. बारीक ‘टक्’ होऊन गाभा किंचित सरकला, तर पिन बसली. ती गरजेपेक्षा वर गेली असेल, तर पीळ थोडा सैल करून खाली येऊ द्यावी.

सराव कसा करावा?

दोनच पिना ठेवलेल्या सराव-कुलपापासून सुरुवात करावी. एक पिन कडक होईपर्यंत दाब वाढवावा, मग ती पुन्हा उसळेपर्यंत कमी करावा. बोटांना दाबाचे माप यातूनच कळते. रोजची पंधरा मिनिटे पुरेत. थकलेला हात नकळत जोर लावतो.

किनाऱ्यावरची अडचण

खारी हवा ओल धरून ठेवते. पितळेला लागून असलेले पोलाद अशा ओलीत लवकर गंजते. गंजलेली पिन अडकलेल्या पिनेसारखीच कडक लागते, त्यामुळे हाताला चुकीची सवय लागते. सरावाचे कुलूप स्वच्छ हवे. घरच्या कुलपात खोबरेल सोडल्यास सुरुवातीला बरे वाटते. पण पुढे ते धूळ, रेती धरते आणि थंडीत गोठतेही. त्यापेक्षा कोरडा टेफ्लॉन स्प्रे बरा. आपल्याकडे घरोघरी दिसणारे गोदरेजचे ‘नवताल’ मात्र लिव्हर पद्धतीचे आहे. त्याची आतली रचना आणि अवजारेही वेगळी.

मर्यादा कुठे?

छंदाचे दोन नियम जगभर पाळले जातात: कुलूप स्वतःचे असावे आणि ते वापरात नसावे. वापरातले कुलूप सरावात बिघडू शकते. दुसऱ्याच्या घरात शिरण्यासाठी कुलूप उघडणे हा तर गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३०मध्ये ते घरफोडीत मोडते. बंद घराचे कुलूप अडले, तर ओळखीच्या चावीवाल्याला बोलवावे.