वैमानिकाच्या शिक्षणाची मधली पायरी

एखाद्या राष्ट्राचे हवाई दल किती प्रबळ आहे हे सांगावयाचे झाले म्हणजे आपण सामान्यतः त्याच्याजवळील लढाऊ विमानांची संख्या व त्यांचा वेग सांगतो. वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात ती त्यांचीच. परंतु विमान ही पैसे मोजून मिळणारी वस्तू आहे. ते चालविणारा वैमानिक मात्र घडवावा लागतो, आणि त्यास अनेक वर्षे लागतात. ज्या साध्या, संथ विमानांवर तो घडतो त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. अशा विमानांच्या खरेदीचा निर्णय लांबणीवर पडला असता काय होते, हे भारतीय हवाई दलाच्या इतिहासातील एका प्रकरणावरून आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दुसऱ्या महायुद्धातील एक दाखला पाहू. युद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच १७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांनी ऑटावा येथे एक करार केला. विमाने कोठे बांधावी एवढाच विचार त्यांनी केला नाही. वैमानिक कोठे शिकवावे याचाही केला. शत्रूच्या टप्प्यापासून दूर असलेल्या कॅनडाच्या विस्तीर्ण मैदानांत शाळा उघडण्यात आल्या, व युद्ध संपेपर्यंत तेथून १,३१,००० हून अधिक वैमानिक व विमानातील इतर कर्मचारी तयार होऊन बाहेर पडले. याच्या उलट स्थिती जर्मनीची झाली. १९४४ साली जर्मन कारखान्यांतून लढाऊ विमाने पूर्वी कधी नव्हती इतकी बाहेर पडत होती; तथापि इंधनाचा तुटवडा व शिक्षकांची उणीव यांमुळे नवशिक्या वैमानिकास पुरेसे उड्डाण करावयास मिळेना. विमाने होती, पण ती समर्थपणे चालविणारे हात कमी पडले.

आता हे शिक्षण कसे असते ते पाहू. आपण वाचावयास शिकलो तो क्रम आठवावा. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, नंतर जोडाक्षरे, व शेवटी पुस्तक. वैमानिकाच्या शिक्षणाचेही तसेच आहे. पहिल्या पायरीवर पंख्याच्या साध्या विमानात शिक्षकाबरोबर बसून तो उडणे, वळणे व उतरणे शिकतो. दुसऱ्या पायरीवर मध्यम वेगाचे जेट विमान त्याच्या हाती येते. तिसऱ्या पायरीवर त्यास अधिक वेगवान असे प्रगत प्रशिक्षण विमान मिळावयास हवे. त्यात लढाऊ विमानाप्रमाणेच वेगाने विचार करावा लागतो, नेम धरावा लागतो, चार विमानांच्या तुकडीत उडावे लागते. मात्र चूक झाली तर ते विमान ती पोटात घालते, आणि मागे बसलेला शिक्षक ती सुधारतो. एवढे झाल्यावरच खऱ्या लढाऊ विमानाचे पुस्तक त्याच्यापुढे उघडावयाचे.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलात पहिल्या पायऱ्यांची व्यवस्था होती. बंगलोर येथील कारखान्याचे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ साली प्रथम उडाले, व पुढे अनेक पिढ्यांनी त्यावर धडे घेतले. त्याच सुमारास लढाऊ विमानांत मोठा पालट झाला. १९६३ साली सोव्हिएत रशियाकडून मिग-२१ हे विमान आले, आणि ते येथेच बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे होते. १९६५ व १९७१ च्या युद्धांत त्याने सेवा केली, व अनेक दशके देशाच्या आकाशाचा भार मुख्यत्वेकरून त्यानेच वाहिला.

परंतु गुणांबरोबर त्याच्या अंगी काही अडचणीही होत्या. त्याचे पंख आखूड व त्रिकोणी. असे पंख मोठ्या वेगास सोयीचे. मात्र वेग कमी होऊ लागला की हवेचा आधार सुटू लागतो. म्हणून धावपट्टीवर उतरतानाही त्यास ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेग ठेवावा लागे. इंजिन एकच, ते बंद पडले तर विचार करावयास क्षणच उरत. दोन बैठकांचे मिग-२१ होते, तरी तेही तितकेच अवघड असून मागे बसलेल्या शिक्षकास समोरचे नीट दिसत नसे. ‘किरण’वरून उतरून थेट या विमानात बसणे म्हणजे बाराखडी संपताच, जोडाक्षरे न शिकता, मुलाच्या हाती पोथी देण्यासारखे होते. फरक इतकाच की, पोथी वाचताना अडखळणाऱ्याचा जीव जात नाही.

ही उणीव कोणाच्या ध्यानातच आली नाही, असे मात्र नव्हे. अपघातांची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या व डेनिस ला फाँतेन यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या समितीने १९८२ सालीच प्रगत प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. हेच ला फाँतेन पुढे १९८५ साली हवाई दलाचे प्रमुख झाले. म्हणजे रोगाचे निदान झाले होते, औषधाचे नावही लिहून दिले होते. परंतु ते विकत घेण्याचा करार झाला २६ मार्च २००४ रोजी. मध्यंतरी बावीस वर्षे लोटली.

इतका विलंब का व्हावा? एकच एक दोषी दाखवून देता येईल असे हे प्रकरण नाही. ब्रिटनचे ‘हॉक’ व फ्रान्स-जर्मनीचे ‘अल्फा जेट’ यांपैकी कोणते घ्यावे याची चाचणी व चर्चा दीर्घकाळ चालली. पुढे अल्फा जेटचे उत्पादनच थांबले. १९९१ च्या सुमारास देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. किमतीवरून घासाघीस झाली, नवे देकार आले, ते पुन्हा तपासण्यात आले. सार्वजनिक पैशाचा व्यवहार काळजीपूर्वक व्हावा हे योग्यच होय. परंतु या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. तिजोरीत पैसा थोडा असला म्हणजे लढाऊ विमान आधी व शिकवण्याचे विमान नंतर, असा मनाचा कल सहज होतो. लढाऊ विमान न घेतल्याची उणीव नकाशावर व आकड्यांत तत्काळ दिसते. प्रशिक्षण विमान न घेतल्याची उणीव एकेका अपघातात विखुरली जाते, आणि प्रत्येक अपघाताचे कारण निराळे लिहिले जाते.

दरम्यान तरुण वैमानिक तर येतच होते. लढाऊ उड्डाणाचे शिक्षण देण्यासाठी आसामात तेजपूर येथे मिग-२१ विमानांचीच एक शाळा चालविण्यात आली. ज्या विमानाची भीती, त्याच विमानावर शिक्षण. तेथील शिक्षकांनी आपल्या परीने शर्थ केली, व तेथून उत्तम वैमानिक निघाले हेही खरे. परंतु ज्या साधनाने त्यांनी शिकवावयास हवे होते ते साधन त्यांच्या हाती नव्हते. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेस जी माहिती दिली तीवरून असे दिसते की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी तोवर ४८२ अपघातांत सापडली होती, व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणास मुकले होते.

या आकड्यांमागे घरे आहेत. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे रात्री उड्डाण करताना महाराष्ट्रातील एक तरुण वैमानिक मिग-२१ सह कोसळून मरण पावला. दोष वैमानिकाचा, हा निष्कर्ष त्याच्या आईवडिलांनी मान्य केला नाही. शोक आवरून त्यांनी पत्रे लिहिली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, व विमानांची आणि प्रशिक्षणाची स्थिती लोकांपुढे मांडली. आपला मुलगा परत येणार नाही हे त्यांस ठाऊक होते. इतरांची मुले परत यावी एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिग विमानांचे सर्वच अपघात प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. काही वेळा इंजिन बंद पडले, काही वेळा पक्षी आदळले, आणि मूळ आयुर्मर्यादा वाढवून जुनी विमाने वापरावी लागली हेही एक कारण होते. पण ज्यास मधल्या पायरीवर संकटाचा सराव झालेला आहे, तो अशा प्रसंगी अधिक सावध असतो. पायरी नसणे हे प्रत्येक अपघाताचे कारण नसेल. प्रत्येक अपघातातून निभावून जाण्याची आशा मात्र त्यामुळे कमी होत होती.

अखेर २००४ च्या कराराने ६६ हॉक विमाने घेण्याचे ठरले. त्यांपैकी २४ ब्रिटनमधून तयार होऊन यावयाची व ४२ बंगलोर येथे बांधावयाची होती. विमाने येईपर्यंत आपले काही तरुण वेल्समधील व्हॅली येथील ब्रिटिश तळावर जाऊन शिकले. २३ फेब्रुवारी २००८ रोजी कर्नाटकातील बिदर येथे हॉक विमाने विधिपूर्वक हवाई दलात दाखल झाली, व २०१० साली आणखी ५७ मागविण्यात आली; त्यांतील १७ नौदलासाठी होती. या विमानात शिक्षकाची बैठक मागे व उंच असल्यामुळे त्यास विद्यार्थ्याच्या डोक्यावरून समोरची धावपट्टी दिसते. गोष्ट लहानशी, पण शिकविणाऱ्यास काय दिसते यावर शिकणाऱ्याचे आयुष्य अवलंबून असते.

संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे आलेल्या माहितीनुसार दर १०,००० उड्डाण-तासांमागे अपघातांचे प्रमाण २०००-०५ या काळात ०.९३ होते, ते २०१७-२२ या काळात ०.२७ वर आले. हे श्रेय एकट्या हॉकचे नव्हे. जुनी विमाने क्रमाने निवृत्त झाली, देखभाल सुधारली, चौकशीच्या पद्धती सुधारल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ नेही शेवटचा निरोप घेतला. तथापि मधली पायरी बसल्यावर शिडी अधिक भक्कम झाली, यात संशय नाही.

एक पायरी बसली तोच दुसरी मोडली. अगदी प्रारंभीच्या शिक्षणासाठी वापरात असलेल्या ‘दीपक’ या देशी विमानाचे इंजिन हवेतच बंद पडण्याचे प्रकार वारंवार घडत. १७ अपघातांत १९ वैमानिक गमावल्यावर जुलै २००९ च्या अखेरीस त्या विमानाचे उड्डाण थांबविण्यात आले, आणि मुळाक्षरे शिकविण्याचा भारही ‘किरण’वर पडला. या वेळी मात्र निर्णयास बावीस वर्षे लागली नाहीत. मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ विमानांचा करार झाला, व मे २०१३ मध्ये हैदराबादजवळील दुंडिगल येथील अकादमीत ती विधिपूर्वक दाखल झाली. देशी बनावटीचे एचटीटी-४० हे विमान २०१६ साली प्रथम उडाले; अशा ७० विमानांची मागणी मार्च २०२३ मध्ये नोंदविण्यात आली. त्यांच्या बांधणीची दुसरी शृंखला ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक येथेच सुरू झाली. ज्या ओझरने मिग बांधले, त्याच ओझरने आता नवशिक्यांचे विमान बांधावे, हा योग चांगला आहे.

या साऱ्या वृत्तांतातून एक बोध निघतो तो असा. निर्णय पुढे ढकलणे म्हणजे निर्णय न घेणे, असे आपण समजतो. वस्तुतः तोही एक निर्णयच असतो, व त्याचीही किंमत असते. फरक इतकाच की, ती किंमत निविदेच्या कागदावर लिहिलेली नसते, आणि जे टेबलाभोवती बसलेले असतात त्यांस ती द्यावी लागत नाही. ती एकवीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण देतो, आणि त्याच्यामागे त्याचे घर देते.

आपल्यापैकी कोणी उद्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाऊन वैमानिक होईल, कोणी नाशिकच्या कारखान्यात इंजिनिअर होईल, तर कोणी अशा फायलींवर सही करणारा अधिकारी होईल. वैमानिकाने आपली पायरी गाळू नये, इंजिनिअराने ती कच्ची ठेवू नये, आणि अधिकाऱ्याने ती फायलीत पडू देऊ नये. तिघांनी आपापले काम वेळेवर केले, तर आकाशात गेलेला मुलगा संध्याकाळी घरी येतो.