संत पॉलचा घोडा

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे घोडा, अलीकडे आलेली ई-रिक्षा, नाहीतर आपले पाय. लाल धुळीने चपला माखून घेत आपण सेंट पॉल चर्चपाशी पोचतो. तिथे फोटो काढता काढता कुणीतरी हमखास विचारतं, "हा पॉल म्हणजे इथला कुणी साहेब का?"

प्रश्न अगदीच वेडगळ नाही. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, त्याच्या नावाचा झरा इथे आहे. हार्ट, अलेक्झांडर, लुईझा अशा नावांचे पॉइंट आहेत. मग चर्चही एखाद्या पॉलसाहेबाचंच असणार, असं वाटायचंच.

पण हा पॉल इंग्रज तर नव्हेच, युरोपातलाही नव्हे. पहिल्या शतकातला हा ज्यू माणूस तार्ससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. धंदा तंबू बनवण्याचा. धर्मप्रचार करत गावोगाव फिरतानाही करिंथसारख्या शहरात तो याच कामावर पोट भरायचा.

आता घोड्याकडे येऊ. ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेला पॉल दमास्कसच्या वाटेवर प्रखर प्रकाशाने दिपून घोड्यावरून पडला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माथेरानच्या घोडेवाल्यांना तर ती लगेच पटेल! पण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही हकीकत तीनदा येते आणि तिन्ही ठिकाणी घोड्याचं नावही नाही. तो जमिनीवर पडला, डोळ्यांना दिसेनासं झालं आणि सोबत्यांनी हात धरून त्याला शहरात नेलं, एवढंच तिथे आहे. घोडा चित्रकारांनी आणला. कॅराव्हाज्योने १६०१ च्या सुमारास काढलेल्या चित्रात तर घोड्यानेच सगळी चौकट व्यापलीय. संत बिचारा त्याच्या टापांशी आडवा पडलेला. त्याच दमास्कसातून पुढे त्याला जीव वाचवून पळावं लागलं, तेही टोपलीत बसून, तटावरून खाली सोडला जाऊन. ही गोष्ट मात्र पॉलने स्वतःच्या पत्रात लिहून ठेवली आहे. टोपलीची चित्रंही निघाली, पण लोकांच्या लक्षात घोडा राहिला.

धर्म बदलताच ‘शौल’चा ‘पॉल’ झाला, हाही असाच पक्का बसलेला समज. खरं तर दोन्ही नावं त्याचीच. शौल हे ज्यूंमधलं, पॉल हे रोमन जगातलं. दमास्कसच्या घटनेनंतरही पुस्तक बराच काळ त्याला शौलच म्हणतं. आणि येशूच्या बारा शिष्यांत तो नव्हता. येशू हयात असताना दोघांची भेट झाल्याचाही उल्लेख नाही.

भारतात तो आला नाही. भारताशी परंपरेने जोडलेला प्रेषित म्हणजे थॉमस; चर्चगेटला ज्यावरून नाव पडलं, ते मुंबईतलं १७१८ चं चर्च त्याचं. माथेरानहून फार लांब नसलेल्या कल्याणचा संबंध काही अभ्यासक बार्थोलोम्यू या दुसऱ्या प्रेषिताशी लावतात, पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे.

मग पॉलचं मोठेपण कशात? पत्रांत. बायबलमधली तेरा पत्रं त्याच्या नावावर आहेत. त्यातली सात निर्विवाद त्याचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही सात, येशूची कथा सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. ख्रिस्ती होण्यासाठी आधी ज्यू व्हायची, सुंता करून घ्यायची गरज नाही, हे त्याने भांडून मान्य करवलं. धर्मप्रचारापायी फटके खाल्ले, तुरुंग भोगला, तीनदा जहाज फुटलं. शेवट रोममध्ये, नीरोच्या काळात झाला, अशी परंपरा सांगते.

मराठी बायबलमध्ये तो ‘पौल’ या नावाने भेटतो. ‘प्रेषितांची कृत्ये’चा नववा अध्याय पंधरा मिनिटांत वाचून होतो. त्यात घोडा सापडला तर कळवा.