शिरोरेषेभोवतीची धूळ

जाळ्याच्या आतून : लेखांक ९

लग्नपत्रिका हल्ली फोनवर येते ती पाचव्या-सहाव्या हातातून. काकांनी आत्याला पाठवलेली, आत्यानं माहेरच्या ग्रुपवर टाकलेली, तिथून कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पुढे ढकललेली. वेळ आणि हॉलचं नाव वाचायला म्हणून दोन बोटांनी चित्र मोठं केलं, की अक्षरांच्या शिरोरेषेवर-खाली करडी धूळ दिसते. ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवावी तशी. वेलांटीच्या वळणाशी आणि अनुस्वाराच्या ठिपक्याभोवती ती अधिकच दाटते. गंमत म्हणजे त्याच पत्रिकेवरचा वधूवरांचा फोटो बऱ्यापैकी स्वच्छ असतो. फाइल एक, प्रवास एक, पण फोटो सुटला आणि अक्षरं मळली.

वेबसाइटसाठी कुठला इमेज फॉरमॅट घ्यावा, या प्रश्नाचं निम्मंअधिक उत्तर या धुळीत आहे. गेल्या लेखांकात विषय होता पडद्यावरच्या देवनागरी फॉन्टचा, या वेळी चित्रांचा. त्यासाठी येवल्याच्या एखाद्या पैठणीवाल्याची वेबसाइट डोळ्यांपुढे आणू. तिच्यावर पैठण्यांचे फोटो आहेत, दुकानाचा मोराचा लोगो आहे, 'दिवाळी सवलत' अशा मोठ्या अक्षरांची पट्टी आहे आणि कोपऱ्यात 'नवीन' हा शब्द लुकलुकतो आहे. हौशी माणसानं बांधलेल्या साइटवर या चारही गोष्टी बहुधा एकाच फॉरमॅटमध्ये असतात. जो आधी हाताला लागला त्यात.

बहुतेक वेळा हाताला लागतो तो जेपेग. त्याच्या पोटात जे गणित आहे, त्याची सुरुवात बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यापाशी होते. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती पद्धतीवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलं. ते नामंजूर झालं. अहमद यांनी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म' हे त्यातल्या पद्धतीचं नाव. अठरा वर्षांनी, १९९२ मध्ये जेपेगचं मानक ठरलं ते याच पायावर. घरोघरच्या फोनमध्ये पडलेल्या जेपेग फोटोंमागे तीन दाक्षिणात्य नावांचा एक निबंध आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातले चौसष्ट ठिपके जसेच्या तसे न लिहिता, या चौकोनात संथ चढउतार किती आणि बारीक थरथर किती याचा हिशेब मांडतो. संथ चढउतार म्हणजे गालावरची सावली, आभाळाचा उजळत जाणारा रंग. थरथर म्हणजे केस, वाळू, जर. डोळा पहिल्या प्रकाराला जागरूक असतो आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. मग जेपेग वाण्यासारखा वागतो : मोठ्या रकमा नीट लिहितो आणि चिल्लर सोडून देतो. थरथरीचे बरेचसे आकडे शून्य होतात आणि शून्यांची रांग लिहायला जागा अशी लागतच नाही. बारा मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात. तोच फोटो जेपेगमध्ये तीन-चार एमबीत बसतो आणि पाहणाऱ्याला चोरी कळत नाही.

अक्षरांपाशी मात्र ही चोरी पकडली जाते. पांढऱ्या कागदावरची काळी शिरोरेषा म्हणजे पांढऱ्यातून एकदम काळ्यात मारलेली उडी. अशी उडी लिहायला बारीक थरथरीचे आकडेच लागतात, आणि जेपेगनं नेमकी तीच चिल्लर सोडलेली असते. मग हिशेब जुळत नाही आणि उरलेली तूट त्याच चौकोनातल्या कोऱ्या कागदावर डागांच्या रूपानं सांडते. पत्रिका खूपच मोठी करून पाहिली तर धूळ चौकोनाच्या कुंपणाशी थांबलेली दिसते. शेजारच्या, जिथं अक्षर नाही त्या चौकोनात कागद स्वच्छ असतो. स्क्रीनशॉट काढून पुढं पाठवताना चित्राचा आकार बहुधा बदलतो, चौकोन नव्यानं पडतात आणि नवी धूळ जुनीवर बसते.

फोटोंसाठी जेपेग बिनघोर वापरावा म्हणावं, तर पैठणीवाल्याची एक अडचण उरते. जेपेग उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतो, पण रंगाच्या बाबतीत बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकच नोंद करतो, कारण डोळा रंगापेक्षा उजेडाला जास्त तीक्ष्ण आहे. माणसांच्या फोटोत हे खपून जातं. पैठणीच्या पदरावर हिरवी मुनिया असते आणि तिची चोच लाल. साइटवरच्या छोट्या चित्रात ती चोच दोन-तीन ठिपक्यांची. लाल आणि हिरव्याची सरासरी निघाली की चोचीला मातकट रंग येतो. गिऱ्हाईक म्हणतं, रंग फोटोत वेगळाच दिसत होता. यावर उपाय आहे. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये जेपेग साठवताना रंगाची ही काटकसर बंद करता येते. त्या पर्यायाचं नाव ४:४:४. फाइल थोडी फुगते, चोच लाल राहते. गुणवत्तेच्या सरकपट्टीवरचा ८० हा आकडा मात्र टक्के समजू नये. एका सॉफ्टवेअरचा ८० आणि दुसऱ्याचा ८० यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

लोगोची कथा निराळी. मोर सपाट चार रंगांत काढलेला, कडा धारदार, खाली दुकानाचं नाव. जेपेगमध्ये त्याच्यावर धूळ तर बसेलच, शिवाय जेपेगला पारदर्शकता ठाऊकच नाही. म्हणून जांभळ्या पार्श्वभूमीवर लोगो ठेवला की मोराभोवती पांढरा डबा उमटतो. हा डबा मंडळांच्या फ्लेक्सवरही सगळ्यांनी पाहिलेला आहे.

अशा चित्रांसाठी पूर्वी जीआयएफ होता. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूनं तो १९८७ मध्ये तयार केला. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, पण जेवढे आहेत तेवढ्यांत एकाही ठिपक्याची लबाडी नाही. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी साइटी मजकूरसुद्धा चित्र करून चढवत, कारण वाचणाऱ्याच्या संगणकात फॉन्ट असेलच याची खात्री नसे. काळी अक्षरं, पांढरा कागद, मोजक्या छटा. जीआयएफ या कामाला अगदी सोयीचा होता.

जीआयएफ चित्र दाबून लहान करण्यासाठी जी पद्धत वापरत होता, ती टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये एका नियतकालिकात मांडली होती. कॉम्प्युसर्व्हच्या लोकांनी ती तिथून उचलली. तिच्यावर पेटंटचा अर्ज झालेला आहे आणि १९८५ च्या डिसेंबरात ते मंजूरही झालं आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. पेटंट पुढं युनिसिस कंपनीकडे आलं. जीआयएफ जगभर पसरल्यावर, १९९४ च्या डिसेंबर अखेरीस, जाहीर झालं की जीआयएफ हाताळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना परवाना शुल्क भरावं लागेल. भाडेकरू स्थिरस्थावर झाल्यावर घरमालक उगवावा, तसा हा प्रकार.

प्रोग्रामर खवळले. ४ जानेवारी १९९५ ला थॉमस बाउटेल यांनी इंटरनेटवरच्या चर्चागटात नव्या, मोकळ्या फॉरमॅटचा पहिला आराखडा मांडला. त्यावर देशोदेशीच्या लोकांनी हात फिरवला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये पीएनजीला वेबच्या मानकांचा शिक्का मिळाला. एखादं सरकारी टेंडर निघायलाही याहून जास्त वेळ लागतो. पीएनजी कोट्यवधी रंग ठेवतो, एकही ठिपका सोडत नाही, आणि पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या देतो. त्यामुळे मोराच्या पिसाऱ्याची कड कुठल्याही रंगावर अलगद मिसळते. मात्र पैठणीचा फोटो कुणी पीएनजीत ठेवला तर जेपेगच्या कित्येक पट मोठी फाइल होते, कारण चिल्लर सोडणं त्याच्या स्वभावात नाही. 'पीएनजी म्हणजे क्वालिटी' असं ऐकून सगळे फोटो पीएनजीत चढवणाऱ्यांच्या साइटी मोबाइलवर रांगत उघडतात.

पीएनजी करणाऱ्यांनी हलत्या चित्रांची सोय जाणूनबुजून बाहेर ठेवली आणि त्या एका भोकातून जीआयएफ जगला. अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं, तोवर तो लुकलुकत्या चित्रांचा राजा होऊन बसला होता. विल्हाइट यांना २०१३ मध्ये वेबी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पडद्यावर मजकूर दाखवून उच्चार 'जिफ' असल्याचं बजावलं. मराठी माणूस 'जीआयएफ' अशी सुटी अक्षरं म्हणतो आणि वादातच पडत नाही. तांत्रिकदृष्ट्या जीआयएफ आज जवळपास निरुपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'जीआयएफ' म्हणून जे फिरतं ते आतून व्हिडिओच असतं. पैठणीवाल्याचा 'नवीन' हा शब्द लुकलुकवायला तर चित्रही नको, पानाच्या मांडणीतल्या दोन ओळी पुरतात. खरं तर तो न लुकलुकलेलाच बरा.

लोगोसाठी पीएनजीहूनही चांगला पर्याय एसव्हीजी. २००१ पासून मानक असलेल्या या फॉरमॅटमध्ये ठिपके नसतातच, सूचना असतात : इथून तिथपर्यंत वळण काढ, आत मोरपिशी रंग भर. म्हणून तोच मोर फोनवरही धारदार आणि भिंतीएवढ्या पडद्यावरही. डीटीपीवाले छापखान्यात फाइल पाठवताना 'कर्व्ह केलंस का?' असं विचारतात, तोच प्रश्न इथंही लागू. दुकानाचं नाव एसव्हीजीत टाइप केलेलं राहिलं आणि पाहणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, तर सुलेखन जाऊन भलतीच अक्षरं उमटतील. अक्षरांचे आकार करून टाकले की भीती नाही. फोटोला मात्र एसव्हीजी लावू नये. जरीचा एकेक धागा सूचनांत लिहायचा म्हटलं तर फाइल पोथीएवढी होईल.

'दिवाळी सवलत'च्या पट्टीला कुठला फॉरमॅट? कुठलाच नको. देवनागरी फॉन्ट आता पानासोबत पाठवता येतात, तेव्हा अक्षरं अक्षरंच राहू द्यावीत. चित्रातला मजकूर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, शोधयंत्राच्या हाती नीट लागत नाही, आणि अरुंद फोनवर त्याच्या ओळी मोडत नाहीत, नुसती अक्षरं मुंगीएवढी होतात. मागं पैठणीचं चित्र, वर खरी अक्षरं, एवढं केलं की झालं.

नव्या मंडळींपैकी गूगलचा वेबपी २०१० मध्ये आला. तो व्हिडिओच्या तंत्रातून निघालेला, फोटोही दाबतो आणि पारदर्शकताही सांभाळतो. त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्क्यांनी लहान, असा गूगलचा दावा. पण अ‍ॅपलच्या सफारीनं त्याला २०२० पर्यंत दारात उभं केलं नाही, म्हणून दहा वर्षं वेबपी अर्ध्या मनानं वापरला गेला. आता तो सगळीकडे चालतो. २०१९ चा एव्हीआयएफ त्याहून कमी जागेत बसतो, आभाळासारख्या संथ रंगांत पट्टे सहसा पडू देत नाही, मात्र फाइल तयार व्हायला वेळ घेतो. दोन्हींपैकी एकच निवडायची सक्तीही नाही. पानात एकाच फोटोच्या तीन आवृत्त्या ठेवता येतात : एव्हीआयएफ जमत असेल तर तो घे, नसेल तर वेबपी, तोही नसेल तर जेपेग. ब्राउझर स्वतःच निवडतो.

फॉरमॅटच्या या निवडीआधी मात्र आकाराचं पाहावं. कॅमेऱ्यातून निघालेला ४००० बाय ३००० चा फोटो जसाच्या तसा चढवून पानावर ८०० बाय ६०० च्या चौकटीत दाखवला, तर ग्राहकाचा फोन पंचवीसपट ठिपके उतरवून घेतो. फोनचे पडदे दाट असतात म्हणून चौकटीच्या दुप्पट लांबी-रुंदी धरली, तरी गरजेच्या सहापटीहून जास्त ठिपके उतरतात. आधी आकार कमी करावा, मग फॉरमॅट.

आयफोननं काढलेल्या फोटोंचा घोळ उरतो. २०१७ पासून त्याचे फोटो मुळात एचईआयसी फॉरमॅटमध्ये साठतात. केबलनं संगणकावर काढले की कधीकधी तसेच येतात आणि क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. मग पैठणीवाल्याचा एखादा पुतण्या युक्ती काढतो : फाइलच्या नावातलं शेवटचं पुसून तिथं जेपेगचं लिहितो. साइटवर फोटोच्या जागी तुटकं चिन्ह येतं. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सगळा अगम्य पसारा असतो, पण पहिल्याच ओळीत एच, ई, आय, सी ही चार अक्षरं ठळक वाचता येतात. पीएनजीच्या सुरुवातीला पी, एन, जी ही अक्षरं असतात आणि जीआयएफच्या सुरुवातीला जी, आय, एफ, मग नाव काहीही ठेवा. पैठणीवाल्याच्या पुतण्यानं नाव बदललेले फोटो परत उघडून खरोखर जेपेगमध्ये साठवले, की चिन्हांच्या जागी पदर दिसू लागतात.

(पुढील लेखांक : पान उघडताना आधी काय उतरतं, नंतर काय)