जुनं हाड एका मातीत टिकतं, दुसरीत विरघळतं. कारण मातीचा सामू

घिवली (ता. पालघर) : विहीर, घराचा पाया नाहीतर तळं खोदताना जेसीबीच्या बकेटमध्ये कधी हाड येतं. ढोराचं असेल म्हणून फेकून देतात. पण हाड किती जुनं, हे नुसतं बघून कळत नाही.

शिरूर तालुक्यात (जि. पुणे) घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातच पुरलेलं होतं. ती हाडं तीन हजार वर्षं राहिली. त्यावरून तेव्हाच्या लोकांचं वय, आजार, खाणंपिणं यांचा अभ्यास झाला.

हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटचा, बाकी बहुतेक कोलॅजेन नावाचं प्रथिन. पुरल्यावर जंतू कोलॅजेन खातात, हाड ठिसूळ होतं. पुढचं माती ठरवते. माती परीक्षणाच्या कार्डावर सामू असतो ना, तोच. सामू सातच्या खाली म्हणजे माती आम्ल, त्यात हाड विरघळतं. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, तिथे ते टिकतं. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; लाल मातीतला चुना धुऊन जातो. किनाऱ्याला शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूत मात्र हाड जास्त टिकू शकतं.

टिकलेलं हाडही बदलतं. पाण्यातलं फ्लोराईड त्यात शिरतं, लोह-मँगनीजने ते तांबूस किंवा काळं पडतं. म्हणून काळं हाड म्हणजे जळालेलंच असं नाही. लाखो वर्षांत बारीक छिद्रांत खनिजं भरून त्याचा दगड होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची अशी हाडं सापडली आहेत.

हाड सापडलं तर काय करावं?

- खोदकाम थांबवा. मोबाईलवर जागेचा आणि खोलीचा फोटो काढा.
- हाड धुऊ नका, उन्हात ठेवू नका, फेविकॉल लावू नका. हाडाचं वय उरलेल्या कोलॅजेनवरून काढतात. डिंकाने ते बिघडतं.
- सोबतची माती, खापऱ्या हलवू नका.
- पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला कळवा. माणसाचं वाटलं तर आधी पोलिसांना.

आपल्या मातीत हाड क्वचितच टिकतं. म्हणून सापडलेला एक तुकडाही फेकण्यासारखा नसतो.